पहिल्या अंघोळीची वाफ

गिरणाकाठच्या आमच्या गावात कापसाचं जिन होतं आणि त्या जिनाला बॉयलर होता. हंगामात पहाटे त्याचा भोंगा झाला की गाव उठायचं, म्हशींना पान्हा फुटायचा. त्या बॉयलरपुढे कोळसा ओढता ओढता श्रीधर पुंडलिक भिरूड लहानाचे मोठे झाले. शाळा चौथीपर्यंत. पुढे मुंबईला जाऊन त्यांनी बॉयलरची सरकारी परीक्षा दिली, पास झाले, आणि स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत रत्नप्रभावहिनींना घेऊन थेट जयपूरला नोकरीला गेले. पोटासाठी एवढ्या लांब गेलेला आमच्या गावचा हा पहिला माणूस. आम्हाला त्यांचा अभिमान होता, आजही आहे. म्हणूनच सांगताना मी काही झाकणार नाही. झाकून ठेवलेला अभिमान कापसाच्या ओल्या गाठीसारखा आतून कुजतो.

जयपूरला झोटवाड्याच्या रस्त्याला, रेल्वेच्या रुळांपलीकडे, एका सेठजींचं पॉवरहाऊस होतं. तिथून नाहरगड दिसायचा. तिथली तऱ्हा आमच्या जिनापेक्षा वेगळी. कोळसा बॉयलरखाली थेट जाळायचा नाही. एका उंच बंद भट्टीत तो अर्धवट धुमसत ठेवायचा, त्याचा गॅस निघायचा, आणि तो गॅस बॉयलरखाली निळ्या जिभांनी जळायचा. वाफ इंजिनात जायची, इंजिन वीज करायचं. पण इंजिनातून बाहेर पडलेली वाफही फुकट जात नसे. पाइपांना सुतळी आणि माती लिंपून ती शेजारच्या कारखान्यांना दिली जाई. एक साबणाचा कारखाना, एक नमदे म्हणजे लोकरीची जाड जाजमं करणाऱ्यांचा, आणि भिंतीला भिंत लागून सेठजींचाच एक रंगखाना. श्रीधरभाऊ म्हणत, "एकदा राबून आलेली वाफ पुन्हा राबायला जाते. आपल्याकडच्या सुनेसारखी."

त्यावर रत्नप्रभावहिनी म्हणत, "हो, आणि सासू तुम्ही. चाक तुमच्या हातात."

ते खरंच होतं. कुणाला किती वाफ सोडायची ते चाक त्यांच्या हातात होतं.

रंगखान्यात रमजानी नावाचे वयस्कर नीलगर, म्हणजे रंगारी, होते. लाल रंगाची हंडी त्यांच्याकडे. हंडी म्हणजे माणूस उभा बुडेल एवढं तांब्याचं पातेलं, त्याच्या पोटाशी वाफेची वेटोळी. साफ्यांचा, म्हणजे फेट्यांचा लाल, चुनरीचा लाल, लग्नाचा लाल. त्या लालाला आच हळूहळू चढवावी लागते आणि एकदा उकळी आली की ती मोडता कामा नये. मोडली तर कापडावर डाग पडतात. एक ठिकाणी लाल गडद, एक ठिकाणी फिका, जसा कोड फुटावा तसा. रमजानींचे हात मनगटाच्या वरपर्यंत लाल होते. ईदेला पांढरा कुर्ता घातला की ते हात लांबून ओळखू यायचे.

पॉवरहाऊस आणि रंगखाना यांच्यामध्ये टेलिफोन नव्हता. होता तो वाफेचा पाइप. रमजानी लोखंडी पहारीनं पाइपावर दोन ठोके देत, म्हणजे वाफ वाढवा. एक ठोका, म्हणजे बस. ठोका पाइपातून चालत यायचा आणि इंजिनाच्या घरघरीतही श्रीधरभाऊंना कळायचा. कानानं नाही, तळव्यानं. ते पाइपाजवळच उभे असत, हात त्याच्या मातीच्या लेपावर ठेवून. ठोका आला की चाक फिरायचं. इतक्या वर्षांत दोघं समोरासमोर फार बोलले नसतील, पण दिवसभर त्यांचं बोलणं चालूच असे. संध्याकाळी फाटकाशी चहाला भेटले की रमजानी म्हणायचे, "भिरूडजी, आज आपकी भाप बड़ी मीठी थी."

"मियाँ, शक्कर हमने नहीं डाली," असं भाऊ आपल्या खानदेशी हिंदीत म्हणायचे आणि दोघं हसायचे.

आता दुसरी बाजू. जयपुरात तेव्हा मराठी घरं मोजकी. बदलीवर आलेले सरकारी हिशेब खात्याचे साहेब, विम्याचे अधिकारी, कॉलेजातले एक-दोन प्राध्यापक, इस्पितळातले एक डॉक्टर. त्यांचं मंडळ होतं. गणपती, कोजागिरी, संक्रांतीचं हळदीकुंकू. श्रीधरभाऊंना तिथे बोलावणं असायचं, कारण मराठी म्हणून. पण सतरंजीवर ते दाराजवळच बसायचे आणि सगळे त्यांना नुसतं 'भिरूड' म्हणायचे. "भिरूड, जरा तो पंखा बघा हो." "भिरूड, आमचा स्टोव्ह भडकतोय." भाऊ बघायचे, दुरुस्त करायचे. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे असं ते म्हणत. वहिनींना वाटायचं.

सत्तावन्न सालची कोजागिरी. आप्पासाहेबांच्या बंगल्याच्या गच्चीवर दूध आटत होतं. आप्पासाहेब मंडळाचे अध्यक्ष, हिशेब खात्यातले मोठे अधिकारी, पुण्याचे. त्यांच्या वासंतीबाई म्हणाल्या, "यंदा दिवाळीला माझे लेक-जावई येतायत. पहिली अंघोळ करायची कशी? बंबाला लाकूड मिळत नाही, मिळालं तर ओलं. मागच्या वर्षी सूर्य वर आला तरी निम्मी मंडळी पारोशी!"

"म्हणजे निम्मे नरकात," डॉक्टर म्हणाले. सगळे हसले.

दाराजवळून आवाज आला, "आमच्याकडे या की सगळे."

माना वळल्या. श्रीधरभाऊच बोलले होते. स्वतःच दचकलेले, पण आता मागे कसे जाणार? "पॉवरहाऊसला मोठा हौद आहे, बॉयलरच्या पाण्याचा. वाफ सोडली की हां हां म्हणता कढत. पत्र्याचे आडोसे करून देतो. शंभर माणूस न्हाईल."

वासंतीबाईंनी दुधाचा पहिला पेला उचलला आणि चालत दारापर्यंत आल्या. "घ्या, श्रीधरपंत."

आप्पासाहेब सरकले. "या, या, पंत. असे मध्ये बसा."

दोघं टांग्यानं घरी निघाले. चांदपोल दरवाजा ओलांडल्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, पंत कधीपासून झालात? आपल्यात कुणी पंत झालेला ऐकला नाही मी. पाटील झालेले ऐकले."

"प्रेमानं म्हणाल्या त्या."

"पेल्याबरोबर म्हणाल्या. आणि वाफ तुमची आहे का हो?"

चांदणं पांढरंशुभ्र पडलं होतं आणि त्यांच्या मनात ते 'पंत' हौदातल्या पाण्यासारखं कोमट कोमट डुलत होतं.

नरकचतुर्दशीला जयपुरात रूप चौदस म्हणतात. त्या पहाटे साबणाचा आणि नमद्यांचा कारखाना बंद होता, म्हणून भट्टी मंद ठेवून एकच बॉयलर चालू होता. पण रंगखान्याला सुट्टी नव्हती. देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीला लग्नाचे मुहूर्त सुरू होणार, त्याआधी एका मोठ्या वरातीचे साफे रंगून द्यायचे होते. रमजानींनी पहाटेच्या आधीच हंडी चढवली होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी फाटकाशी विचारलंही होतं, "कल सुबह भाप पूरी मिलेगी ना? त्योहार है आपका."

"पूरी मिलेगी, मियाँ. जबान है."

अंधार असतानाच टांगे आले. काय थाट सांगू! पॉवरहाऊसच्या काळ्या अंगणात वहिनींनी रांगोळी घातली होती. पाट मांडले होते. पत्र्यांच्या आडोशामागे बायकांची किणकिण. उटण्याचा, वाशेल तेलाचा वास त्या कोळशाच्या वासात मिसळला. पायाखाली फोडायला कारीट जयपुरात मिळत नाही, म्हणून मंडळींनी तिथल्या रेताडातला तुंबा आणला होता. तोही तितकाच कडू. पोरं टाचेखाली तुंबा फोडून "गोविंदा!" म्हणून ओरडत होती. भाऊंनी हौदाची वाफ सोडली, पाणी गुडगुडलं, आणि पुण्याच्या, नागपूरच्या, साताऱ्याच्या माणसांनी परमुलखातल्या थंडीत कढत पाणी अंगावर घेऊन सुखानं डोळे मिटले.

"वा, श्रीधरपंत! ह्याला म्हणतात अभ्यंग!"

"पंत, इकडे जरा आणखी कढत!"

वासंतीबाईंनी स्वतः त्यांच्या कानामागे उटणं लावलं. "तुम्ही यजमान. तुमचीही अंघोळ झाली पाहिजे." पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाला आई गेल्यापासून कुणी उटणं लावलं नव्हतं.

मंडळी ठरल्यापेक्षा जास्त आली. हौद उपसला जाई, थंड पाण्यानं भरला जाई, पुन्हा वाफ लागे. भाऊंनी हौदाचं चाक आणखी उघडलं. एकाच बॉयलरची वाफ. इकडे वाढली की तिकडे कमी होणार, हे जिनातल्या पोऱ्यालाही कळतं. भट्टी वाढवावी तर गॅसची भट्टी म्हणजे चूल नव्हे, फुंकर घातली की पेटायला. तिला तासन्‌तास लागतात.

आणि ठोके आले. दोन.

भाऊंचा हात पाइपावर होता. तळव्याला स्पष्ट कळलं.

भट्टीवरचा कामगार मांगीलाल त्यांच्याकडे बघत होता. तेवढ्यात आडोशामागून आप्पासाहेब म्हणाले, "पंत, जावईबापूंचं राहिलंय अजून. हा शेवटचा हौद."

पुन्हा ठोके आले. दोन. मग थोडं थांबून दोन, जास्त जोरात. माणूस दार ठोठावतो तसे.

श्रीधरभाऊंनी पाइपावरचा हात काढून घेतला.

एवढंच त्यांनी केलं. चाकाला हात लावला नाही, तिकडे नाही आणि इकडेही नाही. फक्त हात काढला, धोतराला पुसला आणि जावईबापूंच्या पाटाकडे गेले. बाहेर फटाके वाजत होते. ठोके आणखी आले असतील, नसतील. ऐकायला पाइपावर हात नव्हता.

सूर्य नाहरगडावर आला तेव्हा कुणीही पारोसं नव्हतं.

दुपारी सेठजींनी भाऊंना रंगखान्याच्या अंगणात बोलावलं. दोऱ्यांवर साफ्यांचं कापड वाळत होतं, लांबच लांब, आणि सगळ्यावर डाग. सेठजींच्या हातात एक टोक होतं. "देखो इसे. बारात में यह बाँधेंगे? लोग कहेंगे, दूल्हे के घर में बीमारी है." मग रमजानींकडे वळून म्हणाले, "तू कहता है भाप टूटी. यह खड़े हैं भिरूडजी. पूछ ले."

रमजानी जवळ आले. आवाज चढवला नाही. "भिरूडजी, मैंने पाइप बजाया था. सुना नहीं?"

श्रीधरभाऊ म्हणाले, "पटाखे थे, मियाँ."

"और भाप?"

आयुष्यभर ह्या माणसाला मी खोटं बोलताना पाहिलं नाही. बोलले ते हे एकदाच, दोन शब्दांत. "पूरी थी."

रमजानी त्यांच्याकडे बघत राहिले. डोळ्यांत नाही, जरा बाजूला, कानाच्या मागे. मग नजर खाली करून म्हणाले, "आपने कह दिया पूरी थी, तो पूरी होगी. हाथ मेरा ही चूका होगा, सेठजी. उमर हो गई."

लाल हंडी त्यांच्याकडून काढून दुसऱ्या माणसाला दिली. रमजानींना कापड धुवायला घातलं, मागे अमानीशाच्या नाल्यावर, जिथे नवीन भरती झालेली माणसं काम करतात.

घरी आल्यावर भाऊ आरशापुढे उभे राहिले. कानामागे उटणं वाळून पिवळं पापुद्र्यासारखं चिकटलेलं होतं. त्यांनी ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिले.

वहिनींनी फराळाचं ताट पुढे ठेवलं. "काय झालं?"

"काही नाही. रंगखान्यात कापड बिघडलं."

वहिनी उभ्याच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं का त्यांना?"

भाऊंनी चकलीचा तुकडा मोडला. तो ताटातच राहिला.

पुढचं वर्ष कसं गेलं ते मला वहिनींकडून कळलं. शिक्षा झालेल्या माणसाला एक सोय असते, शिक्षेला मुदत असते. भाऊंना कुणी शिक्षाच केली नव्हती. रमजानी रोज संध्याकाळी फाटकाशी भेटायचे, पूर्वीसारखाच सलाम करायचे, चहाचा पेला हातात घ्यायचे. भाऊंची नजर त्या हातांवर जाई. लाल रंग उतरत चालला होता. आधी मनगटावरून गेला, मग बोटांवरून. पावसाळ्यात फक्त नखांच्या कडांना राहिला, आणि रूप चौदस पुन्हा जवळ आली तेव्हा हात नुसते हातांसारखे दिसत होते. पाण्यानं भिजून पांढरे, सुरकुतलेले. ईदेच्या पांढऱ्या कुर्त्यात ते आता लांबून ओळखू येत नव्हते. "भाप मीठी थी" असं रमजानी आता म्हणत नसत. म्हणणार कसे? वाफेशी त्यांचा संबंध उरला नव्हता.

पाइपावर ठोके यायचे, पण दुसऱ्या हाताचे. घाईचे, कोरडे. भाऊ चाक फिरवायचे. एक ठोका चुकवला नाही वर्षभर. वहिनी म्हणायच्या, "झोपेत उठून बसतात आणि तळवा भिंतीवर ठेवतात."

मंडळात मात्र त्यांचं आसन आता मध्ये होतं. पंत इकडे, पंत तिकडे. गणपतीला त्यांना आरतीचं तबक दिलं. ते तबक धरलेल्या हाताकडे बघत ते आरती विसरले.

पुन्हा कोजागिरी आली, पुन्हा तीच गच्ची. आप्पासाहेब म्हणाले, "यंदाही पंतांकडेच हं! ह्या वेळी अजमेरचीही मंडळी येतायत."

श्रीधरभाऊ उठून उभे राहिले. "यंदा जमायचं नाही, साहेब."

"का हो? बॉयलर बिघडला?"

"बॉयलर ठीक आहे. मागच्या वर्षी आपण न्हालो ती वाफ दुसऱ्याची होती. शेजारी एक नीलगर आहे, त्याच्या हंडीची. त्यानं तीनदा मागितली. मी ऐकलं आणि दिली नाही. त्याचं काम गेलं, आणि मी खोटं बोललो म्हणून गेलं."

गच्चीवर दुधाला उकळी आली. वासंतीबाई म्हणाल्या, "अहो, पण आम्हाला काय माहीत!"

"तुम्हाला नव्हतंच माहीत. मला होतं."

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "बरं, बरं. सणासुदीला कशाला हे... बसा, भिरूड."

पंत गेलं, भिरूड आलं. दाराजवळ वहिनी उभ्या होत्या. त्यांनी चपला आधीच पायात घातल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ सेठजींकडे गेले. सेठजी तुळशीला पाणी घालत होते. सगळं ऐकून घेतलं आणि तांब्या खाली ठेवला. "साल भर बाद, भिरूडजी? साल भर वह बूढ़ा नाले में खड़ा रहा और आप बगल में चाय पीते रहे?"

नोकरी जाईल अशी तयारी करून ते गेले होते. सेठजी म्हणाले, "आपको निकालूँ तो कल बॉयलर कौन देखेगा? जाइए. काम कीजिए." त्यांनी नोकरीवरून काढलं असतं तर बरं झालं असतं, असं भाऊ पुढे कितीदा म्हणाले.

त्याच सकाळी सेठजींनी नाल्यावर निरोप धाडला, लाल हंडी रमजानींना परत.

भाऊ नाल्यावर गेले. रमजानी गुडघाभर पाण्यात उभे राहून कापड आपटत होते. भाऊ काठावर उभे राहिले, चपला काढून. "मियाँ, उस दिन मैंने सुना था."

"मालूम है," रमजानी म्हणाले. कापड पिळत राहिले.

"मालूम है? कब से?"

"उसी सुबह से. आपके यहाँ की नाली मेरी हंडी के पीछे से जाती है ना? पानी गरम आ रहा था, उसमें तेल तैर रहा था, उबटन की खुशबू थी. फिर दोपहर को आपके कान के पीछे भी वही था."

"तो सेठजी को बोला क्यों नहीं?"

रमजानींनी पिळलेलं कापड खांद्यावर टाकलं. "मैं क्या बोलता? भाप आपकी, बात आपकी. सोचा, आज नहीं तो कल आप ही बोलेंगे. फिर रोज चाय पर सोचता था, आज बोलेंगे."

श्रीधरभाऊ काठावर तसेच बसले. त्यांना वाटत आलं होतं की आपण एकदा हात काढून घेतला, एकदा खोटं बोललो. आता कळलं की रोज संध्याकाळी, चहाच्या प्रत्येक पेल्याशी, तो माणूस दोन ठोके देत होता.

रमजानी पाण्याबाहेर आले, त्यांच्या शेजारी टेकले. राग नव्हता. असता तर भाऊंना धरायला काही मिळालं असतं. "चलिए, भिरूडजी. हंडी ठंडी पड़ी होगी."

हंडी चढली. पुन्हा लाल उकळू लागलं, आणि महिन्याभरात रमजानींची बोटं लाल झाली. सेठजींना वाटलं सगळं जागच्या जागी आलं. मंडळाची पहिली अंघोळ आपापल्या बंबावर झाली. श्रीधरभाऊंना बोलावणं येत राहिलं, जागा दाराजवळची.

पण एक गोष्ट जागेवर आली नाही. रमजानींनी त्यानंतर पाइपावर ठोका दिला नाही. वाफ हवी झाली की ते रंगखान्यातला एक माणूस पाठवत. तो माणूस फाटकातून बाहेर पडायचा, भिंतीला वळसा घालून पॉवरहाऊसच्या फाटकातून आत यायचा, कोळशाच्या ढिगांमधून चालत यायचा आणि भाऊंपुढे उभा राहून म्हणायचा, "चाचा कहते हैं, भाप बढ़ा दीजिए." भाऊ त्याच्यादेखत चाक फिरवायचे. तो थांबून बघायचा, मग जायचा.

पहिल्या दिवशी भाऊंनी त्याला म्हटलं होतं, "चाचा से कहो, पाइप बजा दिया करें. इतनी दूर क्यों आते हो?"

माणूस जाऊन परत आला होता. निरोप आणला होता. "चाचा कहते हैं, आप बुरा न मानें. आदमी भेजने से मन को तसल्ली रहती है."

चौसष्ट सालात श्रीधरभाऊ नोकरी सोडून गावी आले. जिन तेव्हा अजून चालू होतं. दिवाळीच्या पहिल्या पहाटे रत्नप्रभावहिनींनी बंब पेटवला. आम्हा सगळ्यांना त्यांनी कढत पाणी दिलं, कारीट पुढे ठेवलं. भाऊ मात्र आडावर गेले, गार पाण्याच्या बादल्या अंगावर ओतून घेतल्या आणि कुडकुडत आले. नंतर ऊन तापल्यावर ते जिनाकडे फिरायला गेले, मी बरोबर होतो. बॉयलरखान्याबाहेर वाफेचा पाइप जातो तिथे ते थांबले, उजवा तळवा त्यावर ठेवला आणि इतका वेळ तसेच उभे राहिले की मी शेवटी म्हटलं, "भाऊ, भाजेल."

"नाही भाजत," ते म्हणाले. "पाइप गप्प आहे. ठोका नाही." आणि हात तिथेच ठेवला.